रात्रीच्या फोटोत जमीन कुठेय?

आकाशगंगेचे फोटो आता इतके दिसतात की नुसती आकाशगंगा बघून कुणाचा अंगठा थांबत नाही. माझा तर नाहीच थांबत. जिथे थांबतो तिथे नीट बघितलं की कळतं, थांबायचं कारण वर नाहीये, खाली आहे. एखादं एकटं निष्पर्ण झाड असतं, पाण्यातून डोकं वर काढलेला दगड असतो, नाहीतर पुढे कुठेतरी वळून गायब झालेली पायवाट असते. वरचं सगळं सगळ्यांना सारखंच आहे हो, धनु रास कुणासाठी खास वेगळी उगवत नाही, आणि आजकालच्या कॅमेऱ्यांना ती टिपायला फार कष्टही पडत नाहीत. अवघड आहे ती जमीन. आणि लोक सगळा अभ्यास आकाशाचा करून जातात, जमिनीचं काय ते तिथे गेल्यावर बघू म्हणतात, मग अंधारात चाचपडत जे समोर येईल ते फ्रेममध्ये घेतात आणि घरी आल्यावर फोटोचा खालचा एक तृतीयांश भाग म्हणजे नुसता काळा पट्टा.

मुळात गोची काय आहे बघा. चंद्र नसलेल्या रात्री जमिनीवर जो काही उजेड पडतो तो ताऱ्यांचा आणि वातावरणाच्या स्वतःच्या मंद चमकेचा (साधारण १०० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवट चमकतो, एअरग्लो म्हणतात त्याला, डोळ्यांना तो दिसलाच तर राखाडी दिसतो पण कॅमेरा बरोबर हिरवा पकडतो). त्या एवढ्याशा उजेडातला थोडासाच भाग माती-दगड परत पाठवतात, म्हणजे जमीन आकाशापेक्षा कितीतरी काळी राहणार हे ठरलेलंच. मग म्हणाल शटर जास्त वेळ उघडं ठेवू. तर तिकडे पृथ्वी थांबायला तयार नाही. तासाला १५ अंश फिरते ती, त्यामुळे काही सेकंदांच्या वर गेलं की ताऱ्यांचे ठिपके जाऊन बारीक रेघा व्हायला लागतात.

किती सेकंद, यासाठी ५०० चा नियम सगळ्यांना पाठ असतो, ५०० भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवर एमएममध्ये लिहिलेला आकडा, तो जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य फ्रेममध्ये येतं). २० एमएमला २५ सेकंद. हा नियम फिल्मच्या जमान्यात ठीक होता, आताच्या जास्त मेगापिक्सलच्या सेन्सरवर झूम करून बघितलं तर २५ सेकंदांत तारे चक्क लांबट दिसतात. त्यापेक्षा एनपीएफ नावाचं सूत्र बरं, त्यात ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते, एफ नंबर जितका लहान तितकं जास्त उघडं) आणि पिक्सलचा आकारही धरतात: ३५ गुणिले एफ नंबर, अधिक ३० गुणिले पिक्सलचा आकार मायक्रॉनमध्ये, आणि या सगळ्याला फोकल लेंग्थने भागायचं. २० एमएम, एफ १.८, ६ मायक्रॉनचा पिक्सल धरला तर उत्तर येतं १२ सेकंद. म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. एवढ्या वेळात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ला ठेवली की आकाश छान येतं, जमीन मात्र अंधारातच.

तर मग जमिनीला उजेड आणायचा कुठून, हा खरा प्रश्न.

सगळ्यात सरळ उत्तर म्हणजे आणायचाच नाही. सावलीचा आकार ठेवायचा, सिल्हूट. लोकांना वाटतं ही पळवाट आहे, मला उलट वाटतं की यालाच जास्त डोकं लागतं, कारण तुमच्याकडे रंग नाही, पोत नाही, फक्त कडा आहे. आणि कडा फक्त तिथेच दिसते जिथे वस्तूच्या मागे आकाश येतं. दिवसा तुम्हाला पाच झाडं वेगवेगळी दिसतात कारण प्रत्येकाचा हिरवा वेगळा, रात्री तीच पाच झाडं मिळून एक काळा ढीग होतो. डोंगरासमोर उभं असलेलं सुंदर झाड रात्री असून नसल्यासारखं, काळ्यावर काळं. म्हणून कॅमेरा खाली न्यायचा, गुडघ्याच्याही खाली, अगदी जमिनीला टेकवायची वेळ आली तरी टेकवायचा, म्हणजे झाड क्षितिजाच्या वर चढतं आणि फांद्यांमधून तारे दिसायला लागतात. एकच झाड, विरळ फांद्यांचं, शक्यतो थोडं वाकडं. दाट गोल झाड नको, ते फोटोत छत्रीसारखं दिसतं आणि बाकी काहीच सांगत नाही.

आणि जवळ जा. हे दहा वेळा लिहिलं तरी कमी आहे. १४ एमएमची लेन्स फुल फ्रेमवर (३६ बाय २४ एमएमच्या मोठ्या सेन्सरवर) आडवी १०० अंशांहून जास्त बघते, त्यात दूरचा डोंगर म्हणजे तळाशी एक बारीक सुरकुती. दिवसा भव्य वाटलेला कडा रात्री त्या लेन्समधून अगदी किरकोळ निघतो. एक तर २४, ३५ एमएम लावून डोंगराला त्याचा आकार द्यायचा, नाहीतर १४ लावून कुठल्यातरी दगडाच्या नाकाशी जाऊन बसायचं.

दुसरा मार्ग, जमिनीसाठी वेगळा फोटो. ट्रायपॉड हलवायचा नाही, फ्रेम तीच, आकाशाचे फोटो झाले की आयएसओ ८०० वर आणायचा आणि शटर चार मिनिटं उघडं. १५ सेकंदांच्या तुलनेत १६ पट उजेड जमा होतो, आयएसओ चौथ्या हिश्श्यावर आणला तरी फोटो दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळ आणि नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, कितीतरी कमी. त्या फ्रेममध्ये तारे रेघोट्या होतात, होऊ देत, तिथलं आकाश आपल्याला वापरायचंच नाहीये. फक्त कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर चार मिनिटांनंतर कॅमेरा आणखी चार मिनिटं शटर बंद ठेवून डार्क फ्रेम घेतो (नुसता काळा फोटो, त्यात सेन्सरचा नॉइज तेवढा दिसतो आणि तो मूळ फोटोतून वजा होतो), आणि तेवढा वेळ तुम्ही अंधारात कॅमेऱ्याकडे बघत उभे. गरम हवेत ते उपयोगाचं आहे, थंडीत मी बंद ठेवते.

याचंच भावंड म्हणजे संधिप्रकाशात जमीन टिपून ठेवायची आणि मग आकाश काळं व्हायची वाट बघायची. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खरा अंधार, विषुववृत्ताजवळ त्याला साधारण सव्वा तास लागतो, जसजसं ध्रुवाकडे जाल तसा हा वेळ वाढतो, आणि साधारण ४८.५ अंश अक्षांशाच्या पलीकडे ऐन उन्हाळ्यात सूर्य तेवढा खाली जातच नाही, म्हणजे पूर्ण अंधार होतच नाही. ही पद्धत मऊ उजेड देते, रंग देते, पण एक धोका आहे. संध्याकाळचा उजेड आकाशाच्या एका बाजूने येत असतो, आणि नंतर त्याच जमिनीवर तुम्ही मध्यरात्रीचं आकाश ठेवलं की बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. फार उशिरा घ्या तो जमिनीचा फोटो, जेव्हा डोळ्यांना जवळजवळ अंधारच वाटतोय तेव्हा. तेव्हाचा उजेड वरून, सगळीकडून सारखा आलेला असतो, तो खपून जातो.

तिसरा मार्ग माझा सगळ्यात आवडता, चंद्र. अमावस्येच्या पुढेमागेच जायचं असं सगळे सांगतात आणि आकाशगंगेसाठी ते खरंही आहे, पण चंद्राची कोर असेल ना, दोनतीन दिवसांची, क्षितिजाजवळ, तर ती जमिनीवर इतका हलका तिरपा उजेड टाकते की कुठल्याही दिव्याला तो जमणार नाही. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी बसलेली असते, त्यांना वाटतं अर्धा चंद्र म्हणजे पौर्णिमेच्या निम्मा उजेड. निम्मा नाही, साधारण दहावा हिस्सा. अष्टमीला सूर्याचा उजेड चंद्राच्या जमिनीवर बाजूने पडतो, खड्डे आणि डोंगरांच्या सावल्या आपल्याला दिसतात, पौर्णिमेला त्या सावल्या आपल्या नजरेआड असतात. म्हणजे कोरीचा उजेड किती कमी असेल बघा, आकाशगंगा त्यात पूर्ण विरघळत नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि मावळतो, तेवढं गणित धरलं की संध्याकाळी कोरीच्या उजेडात जमीन घ्यायची आणि ती मावळली की त्याच जागेवरून आकाश, असं एका रात्रीत होतं. आणि पौर्णिमेच्या रात्री मिनिटभराचा फोटो काढून बघा एकदा, आकाश निळं येतं! दिवसाचा फोटो वाटतो, फक्त त्यात तारे. असणारच, चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच परत आलेला उजेड, तो हवेत तसाच विखुरतो, आपल्या डोळ्यांना तेवढ्या कमी उजेडात रंग दिसत नाहीत एवढंच.

चौथा, स्वतः उजेड पाडायचा. इथे मात्र माझं डोकं जरा तापतं. हेडलॅम्प लावून झाडावर टॉर्च फिरवायचा, झाड पांढरंफटक, जवळचं गवत जळलेलं आणि मागचं सगळं काळं. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, दुप्पट लांब गेलं की चौथा हिस्सा, त्यामुळे कॅमेऱ्याजवळून मारलेला टॉर्च नेहमी असाच दिसणार. त्याऐवजी छोटा एलईडी पॅनल स्टँडवर, विषयापासून चांगला लांब, बाजूला, जरा उंचावर, ब्राइटनेस सगळ्यात कमी आणि तरी वरून दोनतीन पदर कापडाचे. बरोबर जमलाय का हे ओळखायचं कसं, तर डोळ्यांनी बघितलं की तो लावलाय की नाही असा प्रश्न पडला पाहिजे. पण १५ सेकंदांच्या फोटोत बघा, खडकाच्या बाजूला तिरपा उजेड लागलेला असतो, प्रत्येक भेगेच्या एका काठाला उजळ रेघ आणि दुसऱ्या काठाला सावली, गवताची पाती वेगवेगळी मोजता येतात. शिवाय पॅनलचा उजेड सगळ्या फ्रेममध्ये सारखा राहतो, त्यामुळे पॅनोरमा जोडताना पट्टे पडत नाहीत. आजूबाजूला दुसरं कुणी फोटो काढत असेल तर आधी विचारा. प्राणी-पक्ष्यांच्या जागी लावूच नका, आणि काही राष्ट्रीय उद्यानांमध्ये असा उजेड पाडायला बंदीच असते, जायच्या आधी नियम बघा.

(आणि हो, डोंगरावर उभं राहून हेडलॅम्पचा झोत आकाशगंगेकडे रोखलेला तो माणूस. पुरे झाला आता. त्याला खाली बसवा, लाइट बंद करायला सांगा, १५ सेकंद हलू नको म्हणा, जास्त चांगला दिसेल तो.)

जागा दिवसा बघायची. यात वाद नाही. रात्री तुम्हाला फक्त तेवढंच दिसतं जेवढं टॉर्चच्या गोलात आहे, आणि त्या गोलात कम्पोझिशन सुचत नाही. दिवसा जाऊन उभं राहायचं आणि स्टेलॅरियम किंवा फोटोपिल्स अशा आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये रात्रीची वेळ टाकून बघायचं की आकाशगंगेचा गाभा कुठून येतोय. गाभा म्हणजे वृश्चिकाची नांगी आणि धनु यांच्या मधला भाग, मूळ नक्षत्राच्या शेजारीच. तो खगोलाच्या विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पलेल्या रेषेच्या) २९ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे तुम्ही कुठे आहात त्यावर सगळं ठरतं. २० अंश उत्तरेला तो जास्तीत जास्त ४१ अंश वर चढतो, ५० अंश उत्तरेला जेमतेम ११, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढा, तिथे उंच फोरग्राउंड, म्हणजे फ्रेममधली पुढची जमीन-झाड-दगड, घेतलं की गाभाच झाकला. दक्षिण गोलार्धात ३० अंशांच्या आसपास तो थेट डोक्यावर येतो. आपल्याला हेवा वाटतो त्यांचा, पण डोक्यावर आलेल्या गाभ्यासोबत एका फ्रेममध्ये जमीन कशी घेणार? त्यांना एक तर तो उगवताना-मावळताना गाठावा लागतो नाहीतर उभा पॅनोरमा जोडावा लागतो.

ऋतूप्रमाणे फोरग्राउंड बदलायचं हे फार कमी लोक करतात. उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गाभा पहाटे वर येतो आणि तेव्हा आकाशगंगा क्षितिजाजवळ आडवी, कमानीसारखी पसरलेली असते. तेव्हा खाली रुंद काहीतरी पाहिजे, तळ्याचा काठ, डोंगरांची रांग, वाळूचा पट्टा. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तीच संध्याकाळी नैऋत्येला उभी राहते, तेव्हा खाली उभंच काहीतरी, झाड, सुळका, दीपगृह. डिसेंबरमध्ये सूर्य स्वतःच त्या भागात असतो, गाभा विसरा, मृग आणि व्याध घ्या, त्यांना छोटं फोरग्राउंडही चालतं कारण ते तारे मुळातच ठळक. ताऱ्यांची वर्तुळं काढायची असतील तर ध्रुवताऱ्याकडे तोंड, आणि ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे तुमचा अक्षांश. २० अंशांवर तो क्षितिजापासून दोनच मुठी वर, म्हणजे फोरग्राउंड बुटकं हवं नाहीतर वर्तुळांचा मध्यच झाकला जातो. आणि जमीन कसली आहे तेही बघा, ताजं पडलेलं बर्फ ८० टक्क्यांहून जास्त उजेड परत देतं, फिकट वाळू आणि सुकलेलं गवतही बरं, काळा ओला खडक मात्र सगळा गिळून टाकतो.

आता फोकस. वाइड लेन्सचं हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केलं की त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं) कागदावर छान दिसतं, १४ एमएम एफ २.८ ला सव्वादोन मीटरच्या जरा पुढे, म्हणजे मीटर-सव्वामीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. पण ते गणित ज्या 'चालेल एवढं शार्प'वर बसवलंय ते ताऱ्यांना चालत नाही, तारा हा बिंदू आहे, तो जरा पसरला की लगेच फिका पडतो. आणि २४ एमएम एफ १.४ ला तर ते अंतर १४ मीटरच्या घरात जातं. म्हणून ताऱ्यांचा फोकस ताऱ्यावर, जमिनीचा जमिनीवर, दोन वेगळे फोटो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या थेट दृश्यात, ठळक तारा दहापट मोठा करायचा आणि रिंग अगदी केसभर फिरवत राहायची, एका बाजूला गेली की बऱ्याच लेन्समध्ये ताऱ्याच्या कडेला जांभळट झाक येते, दुसऱ्या बाजूला हिरवट, मध्ये एक जागा अशी येते की तारा एकदम टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि आत्तापर्यंत न दिसलेले दोनतीन बारीक तारे बाजूला उगवतात. ते दिसले की थांबायचं. रिंगला टेप लावायची. गारवा वाढला की फोकस किंचित सरकतो, म्हणून मधूनमधून तपासायचं, आणि तेव्हाच लेन्सच्या काचेवर दव बसलंय का तेही बघायचं, हीटरचा पट्टा नसेल तर दव बसणारच.

फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून ठरवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन दिव्यासारखी वाटते, सगळं छान उजळ दिसतं आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर जमीन पुन्हा काळी. हिस्टोग्राम बघा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठला उजेड किती आहे त्याचा आलेख, डावीकडे काळं, ढीग डाव्या भिंतीला चिकटला नाही पाहिजे.

जोडणीबद्दल. आकाशाचे १६ फोटो घेऊन स्टॅक केले, म्हणजे एकावर एक ठेवून सरासरी काढली, तर नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो. त्यासाठीचं सिक्वेटर हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे, त्यात आकाश कुठलं आणि जमीन कुठली ते रंगवून द्यायचं, तो तारे तारे जुळवतो आणि जमीन जागच्या जागी ठेवतो. सगळी मारामारी होते ती कडेवर. डोंगराची साफ रेषा असेल तर दोन मिनिटांचं काम. झाडाच्या फांद्या असतील तर रात्र जाईल: चार मिनिटांच्या फ्रेममध्ये फांद्या वाऱ्याने हललेल्या, मागच्या आकाशाचा उजेड बारीक डहाळ्या खाऊन बसलेला, मास्क (जमीन आणि आकाश वेगळं करणारा कापलेला आकार) कितीही नाजूक केला तरी फांदीभोवती फिकट वलय राहतंच. म्हणून माझा हिशोब सरळ आहे, दोन फोटो जोडायचे असतील तर फोरग्राउंड साफ कडेचं घ्यायचं, आणि झाड घ्यायचं असेल तर सिल्हूट, एकाच फोटोत.

हे जोडणं म्हणजे फसवणूक का, असं विचारणारे भेटतातच. त्याच जागेवरून, त्याच रात्री, त्याच लेन्सने जमीन आणि आकाश वेगळं घेतलं तर माझ्या लेखी तो एकच फोटो, सेन्सरची मर्यादा आहे ती, आपण वळसा घालतो. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावून आकाश जास्त वेळ घेतलं तरी चालेल. पण ८५ एमएमने काढलेला गाभा १४ एमएमच्या जमिनीवर चिकटवणं, किंवा उत्तरेकडे तोंड केलेल्या घरामागे धनु रास उभी करणं, हे चित्र झालं. काढा की, फक्त तसं लिहा खाली. पकडायला सोपं असतं खरंतर. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा, १४ एमएमच्या फोटोत मध्याजवळ तो रुंदीच्या साधारण २८० व्या हिश्श्याएवढा ठिपका असायला हवा. पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या ताऱ्यांशी जुळतंय का बघा. आणि सगळ्यात मजा येते ती चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मध्ये तारे चमकताना दिसले की. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग आहे बाबांनो, त्यातून तारा कसा दिसेल?

फोनने होतं का, हा प्रश्न येणारच आहे म्हणून आधीच लिहिते. होतं. २०१९ च्या पिक्सल ४ पासून गूगलचा फोन स्वतःच १६ सेकंदांपर्यंतचे १५ फोटो घेऊन जोडतो, चार मिनिटं लागतात, फोन टेकवून ठेवावा लागतो एवढंच. मोठा करून छापायला तो पुरणार नाही, पण वर लिहिलेलं झाड, वाकड्या फांद्या, खाली नेलेला कॅमेरा, कोरीचा उजेड, हे सगळं फोनलाही जसंच्या तसं लागू आहे. उलट फोन इतका छोटा की तो दगडाच्या फटीत खोचून ठेवता येतो, जिथे माझा ट्रायपॉड काही केल्या शिरत नाही.